सहा नंबरची दोनची सुई

"बाय, माला सुई नाय दिली," सहा नंबरचा पेशंट म्हणाला, आणि मी मान वरही न करता म्हटलं, "दिलीय तुला. दोन वाजता." तेव्हा सव्वातीन झाले होते. मी शेजारच्या पाच नंबरची सलाइन बघत होते. एवढंच घडलं. वीस वर्षांच्या नोकरीत पेशंटचं असलं बोलणं रोज कानावर येतं; कुणाला जेवण आलेलं आठवत नाही, कुणाला भेटून गेलेली बायको आठवत नाही. ऐकायचं आणि पुढे जायचं. मी पुढे गेलेही. पण काउंटरपाशी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की 'दिलीय' असं मी म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्याचा दंड नव्हता, स्क्रीनवरची हिरवी खूण होती. बाकीचे दंड दिसत होते. एक नंबरच्या झुंबर आजोबांच्या दंडावरचं मारुतीचं गोंदण, तीन नंबरच्या पोराचा व्यायाम केलेला घट्ट दंड, ज्यात सुई शिरायलाच मागत नाही. सुई देणाऱ्या बाईला माणसं चेहऱ्यानं कमी आणि दंडानं जास्त आठवतात, हे बाहेरच्यांना सांगितलं तर हसतील. सहा नंबरचा दंड मात्र काही केल्या समोर येईना. तो काळा होता, बारीक होता, हे मला कालच्यावरून माहीत होतं. आजचा दंड नव्हताच.

आमच्या वॉर्डात दीड वर्षापूर्वी, म्हणजे दोन हजार सातच्या गणपतीनंतर, ते मशीन आलं. साबणाच्या वडीएवढं, हातात मावणारं. पेशंटच्या मनगटाला कागदी पट्टा, पट्ट्यावर काळ्या रेघा. इंजेक्शनवरही तशाच रेघा. आधी पट्ट्यावर मशीन धरायचं, मग इंजेक्शनवर. दोन्ही जुळलं की बीप वाजतं आणि काउंटरवरच्या स्क्रीनवर त्या पेशंटपुढे हिरवी खूण उमटते: कुठलं औषध, किती, किती वाजता, कुणी दिलं. चुकीच्या माणसाला चुकीचं इंजेक्शन जायची भीतीच नाही. कंपनीचा माणूस शिकवायला आला होता, त्यानं सांगितलं, "मॅडम, आता तुम्ही विसरलात तरी मशीन विसरणार नाही." मला ते बोलणं झोंबलं होतं, पण पटलंही होतं. सिव्हिलमध्ये मी नवीन असताना चाळीस चाळीस पेशंटांच्या वॉर्डात एकाच नावाचे दोघे असत आणि आम्ही सुईआधी दोन-दोनदा नाव विचारत असू. हे मशीन तेव्हा असतं तर किती बरं, असं मला खरोखर वाटलं होतं.

पण मशीनला एक खोड निघाली. आमच्या वॉर्डाला लागून एक्सरेची खोली आहे. तिच्या भिंतीत शिसं भरलेलं. त्या शिशामुळे मशीनचं नेट चार नंबरच्या बेडपाशी तुटायचं, आणि पाच-सहा नंबरला पोचेपर्यंत मशीन मुकं व्हायचं. मग परत काउंटरपाशी या, चालू करा, परत जा. तोवर वेळ टळून जायची. ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला की स्क्रीनवर लाल, आणि लाल झालेली सगळी नावं दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनच्या टेबलावर. तक्रार केली. माणूस आला, भिंत ठोकून बघितली, गेला. शेवटी आम्हीच तोड काढली. पेशंट भरती झाला की त्याचा पट्टा एकाऐवजी दोन छापायचे. एक मनगटाला, दुसरा काउंटरमागच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. पुठ्ठा औषध कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचा. म्हणून आम्ही त्याला पंचांग म्हणायचो. "तृप्ती, पंचांग काढ गं," की दोनच्या ठोक्याला बसल्या जागी सहा बीप, सहा हिरव्या खुणा, आणि मग ट्रे घेऊन निवांत एकेकाला टोचत जायचं. यात वाईट काय होतं? इंजेक्शन तर देत होतोच. पंधरावीस मिनिटं इकडे की तिकडे. ही युक्ती कुणाची, असं विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघतील, पण ती माझी होती. तृप्तीसारख्या नव्या मुलींना मीच ती शिकवली, आणि शिकवताना मला आपल्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

आज दुपारी दोनला सहा बीप झाले. सहा सिरिंजा भरल्या, लेबलं लावली. सहा नंबरचा मंगळू, सुरगाण्याकडचा. दिंडोरीला द्राक्षांच्या तोडणीवर आला होता, क्रेट भरलेल्या ट्रॉलीवरून पडून नडगी मोडली. परवा ऑपरेशन होऊन हाडाला स्टीलच्या पट्ट्या टाकल्या. त्याला वेदनेचं इंजेक्शन, चांगलं जोरदार, आठ तासांतून एकदाच द्यायचं. मी एक नंबरपासून सुरुवात केली आणि सहापर्यंत पोचले तेव्हा बेड रिकामा होता. त्याला एक्सरेला नेलं होतं. इथपर्यंत मला स्वच्छ आठवतं. पुढे फोन वाजला, मेट्रन बाईंचा. खाली या, फोटोग्राफर आलाय. कारण असं की गेल्या तीन महिन्यांत आमच्या वॉर्डात एकही लाल नव्हतं. अख्ख्या हॉस्पिटलात फक्त आमचा वॉर्ड शंभर टक्के. दर्शनी हॉलमध्ये माझा फोटो लागणार होता, हातात मशीन धरून. एप्रिलपासून मला वॉर्डाची इन्चार्ज करणार, हेही मेट्रन बाईंनी कानात सांगून ठेवलं होतं. मी टोपी नीट केली, आरशात बघितलं, खाली गेले. फोटोग्राफर म्हणाला, सिस्टर, थोडं हसा, मशीन जरा वर. मी हसले, मशीन वर धरलं.

वर आले ती तीनच्या सुमारास. मंगळू परत आला होता. त्यानंतर मी सुई दिली का? द्यायला हवी होती. मी दिली असणार. मी कधी विसरत नाही. असं मी स्वतःलाच सांगत होते आणि काउंटरमागच्या ओट्यावरच्या ट्रेकडे मात्र बघत नव्हते. ट्रेवर निळा नॅपकिन टाकलेला होता, वॉर्डातल्या सिंधुबाई मावशीनं टाकला असेल, तिला उघडी भांडी चालत नाहीत. नॅपकिन उचलला की दोन क्षणांत काय ते कळणार होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात; माझा हात मात्र कांकणाकडे जायलाच तयार नव्हता. मी डिस्चार्जचे कागद लावले. पेन्सिलीला टोक केलं.

तेवढ्यात मंगळूचं ओरडणं ऐकून सुनील सर आले. आमचे निवासी डॉक्टर. वयानं माझ्या भाच्याएवढे, मनानं चांगले, पण सदा घाईत. त्यांनी पाय दाबून बघितला, अंगठा हलवला, तसा मंगळू असा ओरडला की तीन नंबरचा पोरगा उठून बसला. सर सरळ काउंटरशी आले. "दोनचं पेनकिलर गेलंय ना?" त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवला. मी तोंड उघडलं होतं. पण तृप्ती आधी बोलली, "हो सर, हिरवं आहे." आणि मी तोंड मिटलं. "एवढं जाऊनही इतकं दुखतंय," सर म्हणाले, "म्हणजे पोटरीत आतून दाब वाढतोय. थांबलो तर पाय काळा पडेल. मोठ्या सरांना फोन करतो. साडेचारला थिएटरला घेऊ, पोटरी दोन्ही बाजूंनी उघडावी लागेल. संमती घेऊन ठेवा." गेलेसुद्धा. म्हणजे त्याचं दुखणं खरं, हे सगळ्यांना मान्य होतं. त्याचं बोलणं तेवढं खोटं. औषध गेलंय हे मशीन सांगतंय, म्हणून पाय फाडायचा. आणि औषध गेलंच नसेल तर? ऑपरेशनला दोन दिवस झालेला पाय बिनाऔषधाचा दुखणारच, ओरडणारच. मी नॅपकिन उचलला.

पाच रिकाम्या सिरिंजा आणि एक भरलेली. भरलेलीवर माझ्याच अक्षरात, सहा.

मला आधी काय वाटलं ते सांगते, लपवण्यात अर्थ नाही. आधी वाटलं, लाल डब्यात टाकून द्यावी. डबा पायाशीच होता. मग वाटलं, पटकन जाऊन टोचून यावी, कुणाला कळणार? दहा मिनिटांत त्याला बरं वाटेल, सर म्हणतील चमत्कार झाला, सुंठेवाचून खोकला गेला. पण मग कागदावर दोनचं आणि अंगात पावणेचारचं. रात्री दहाला पुढचं, तेही मशीन बरोबर वेळेवर द्यायला लावणार. किडकिडीत माणूस, त्यात खोकला, झोपेत श्वास मंद झाला तर कुणाला कळणार नाही का झाला ते. एक खोटी खूण झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. आणि या सगळ्या हिशेबात माझा हात त्या सिरिंजवर होता, आणि मला भलतंच आठवत होतं. एक पिवळं कार्ड.

ते प्रफुल्लचं लसीचं कार्ड. माझा धाकटा भाऊ; मी तेरा वर्षांची होते तेव्हा तो वर्षाचा. सायखेड्याच्या पुढे नदीकाठी आमचं गाव. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, मधे ओढा. लस टोचणाऱ्या बाई महिन्याला यायच्या, मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर बसायच्या. ओढ्याला पाणी असलं, चिखल असला की खाली उतरायच्या नाहीत. वस्तीवरची कार्डं कुणाकडून तरी वर मागवून घ्यायच्या आणि बसल्या जागी त्यावर बरोबरच्या खुणा करून परत पाठवायच्या. आईला वाटायचं, बाईंनी आपल्या बाळाची दखल घेतली. ती कार्ड जपून पत्र्याच्या पेटीत ठेवायची. प्रफुल्लच्या कार्डावर तीन खुणा होत्या, तिन्ही निळ्या शाईतल्या, झोकदार. आणि एकदा तापातून उठल्यावर त्याचा उजवा पाय उचलेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि आईला म्हणाले, "लस पूर्ण झालीय. पोलिओ कसा होईल? तुम्ही पाडलं असेल पोराला." आई म्हणाली, "सायेब, त्याला कुनी काय बी दिलेलं नाय." डॉक्टर म्हणाले, "मग ह्या खुणा काय मी केल्या?" आई गप्प झाली. त्या गप्प होण्याचा मला फार राग आला होता. आईचा राग, डॉक्टरांचा नव्हे. लहानपणी राग असाच चुकीच्या माणसावर निघतो. मोठी होऊन मी सुई हातात घेईन आणि ओढा ओलांडून जाईन, असं मी तेव्हा ठरवलं होतं. नर्सिंगच्या शाळेत आमच्या ट्यूटर बाई रोज घोकून घ्यायच्या, "सुई आधी, सही मागून." सगळ्या मुली हसायच्या. मी हसायची नाही. मला वाटायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

प्रफुल्ल आता नाशिकरोडला शाळेत शिक्षक आहे, पायात कॅलिपर घालून स्कूटर चालवतो, माझ्यापेक्षा जास्त हसतो. त्याला फोन करावा असं वाटलं. करून काय सांगायचं? की त्या ओट्यावरच्या बाई इतकी वर्षं मला राक्षसीण वाटायच्या, आणि आज मला कळलं की त्या राक्षसीण नव्हत्या, त्यांना फक्त ओढ्यात चपला भिजवायच्या नव्हत्या? आणि त्यांचीही हजेरी कुणी तरी बघत असेल, त्यांच्याही गावाचं शंभर टक्के कुठे तरी फळ्यावर लागत असेल. माझा ओढा तर चार नंबरच्या बेडपासून सहा नंबरपर्यंतचा, गुळगुळीत फरशीचा. मला भयंकर लाज वाटली. रडू आलं नाही, लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

"सिस्टर, ह्या बाईचा अंगठा घेतला," सिंधुबाई मावशी म्हणाली. तिच्यामागे मंगळूची बायको भागीबाई, अंगठा निळा, दुसऱ्या हातानं पदर धरलेला. "लय घाबरलीय हो. पाय कापत्यात का म्हून इचारती. म्या सांगितलं, कापत न्हाईत, उघडत्यात." तो कागद मी मावशीच्या हातातून घेतला, घडी केली, खिशात घातला. तृप्तीनं विचारलं, "मॅडम, थिएटरला कळवू?" मी म्हटलं, "थांब." आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्ये घेऊन सुनील सरांच्या खोलीकडे निघाले. खोली वीस पावलांवर आहे. ती वीस पावलं चालताना मी एप्रिलचा विचार केला, हॉलमधल्या फोटोचा केला, तृप्तीसमोर उद्या कुठल्या तोंडानं उभी राहू याचा केला. मंगळूचा विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं.

"सर, सहा नंबरचं दोनचं इंजेक्शन दिलेलं नाही. बीप आधी केलं होतं. चूक माझी." सर फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवला, सिरिंजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसतेच पांढरे पडले. कारण मोठ्या सरांना निम्मं सांगून झालं होतं. "सिस्टर," ते म्हणाले, "मी त्याची पोटरी फाडली असती. तुम्हाला कळतंय ना?" "कळतंय." "किती महिने असं बीप करताय?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी फोनवर 'परत करतो सर' म्हटलं आणि तो ठेवला. मग म्हणाले, "आत्ता द्या. वेळ हातानं लिहा, आत्ताची. अर्ध्या तासानं पाय परत बघतो. तोवर थिएटर थांबवतो. आणि हे मला वर कळवावं लागेल." मी म्हटलं, "कळवा." आवाज माझाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा.

वॉर्डात परत आले. मशीन घेतलं नाही, ट्रे घेतला. मंगळू भिंतीकडे तोंड करून पडला होता, मुठीत चादर. भागीबाई पायथ्याशी. मी त्याच्या दंडाला हात लावला तसा तो दचकून वळला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानं हात जोडले. "बाय, सुई दिलती. माला आठवला आता. दोन वाजताच दिलती तुम्ही. मी खोटा बोललो. पाय नको फाडा, बाय."

 त्याची समजूत अशी झाली होती की सुई दिली नाही असं तो म्हणाला, मशीनला आणि मला खोटं पाडलं, त्याची ही शिक्षा. तक्रार केली आणि तासाभरात पाय फाडायची तयारी सुरू झाली. त्यानं जे बघितलं त्यावरून दुसरं काय समजायचं? भागीबाईही मान हलवत होती, दिली, दिली, मीपण बघितली. ती तर त्या वेळी एक्सरेच्या खोलीबाहेर बसली होती. दोघं मिळून माझी चूक पुसून टाकायला निघाली होती. मी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सुई देऊन टाकायची, पाय वाचणार होताच. मला आईचं ते गप्प होणं आठवलं, आणि इतक्या वर्षांनी तिच्यावरचा राग गेला.

"दादा, हात खाली करा," मी म्हटलं. आत्तापर्यंत त्याला मी अरेतुरे करत होते, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं. "सुई दिलेली नव्हती. तुम्ही खरं बोललात."

तो स्क्रीनच्या दिशेनं बघत राहिला. "पण त्यात तर दिली हाय म्हणं. ती बारकी बाय बोलली."

"त्यात खोटं आहे. मी घातलं." हे मला हळू बोलता आलं असतं. पण कुजबुजून सांगितलं तर त्याला ते आणखी एक कारस्थान वाटेल, म्हणून मी नेहमीच्या आवाजात बोलले, आणि आमच्या वॉर्डात नेहमीच्या आवाजातलं सगळं सगळ्यांना ऐकू जातं. "आता देते. पाय फाडत नाहीत. अर्ध्या तासानं डॉक्टर फक्त बघायला येतील. ऐकलंत का, भागीबाई?" स्पिरिटचा बोळा फिरवला. दंड बारीक, हाडाला लागून, आतल्या अंगाला विळ्याची जुनी खूण. सुई घातली, औषध सावकाश सोडलं. त्यानं 'ऊं' केलं नाही. दहा-बारा मिनिटांत त्याच्या मुठीतली चादर सैल झाली. मी तिथेच उभी होते. खूप दिवसांनी मी सुई देऊन झाल्यावर पेशंटपाशी उभी राहिले होते, आणि मला वाटलं, झालं, एवढं तरी नीट झालं.

"सिस्टर," पाच नंबरवरून यादवमामा म्हणाले. येवला डेपोचे रिटायर ड्रायव्हर, खुबा मोडलेला, स्वभावानं थट्टेखोर. या वेळी थट्टा नव्हती. "मंग आमची?"

"तुम्हाला दिली, मामा. सव्वादोनला. बाकी सगळ्यांना दिली."

"आन् कालची? परवाची?"

"दिली, मामा. रोज दिली."

मामांनी माझ्याकडे बघितलं, चष्म्यातून, नीट. "हे मशीनमधी लिव्हलंय," ते म्हणाले, "का तुम्ही सांगताय?"

"मी सांगतेय."

 त्यांनी डाव्या बाहीचं बटण काढलं, बाही खांद्यापर्यंत सरकवली, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दंड दाबून बघायला लागले, कुठे दुखतंय का. मग चार नंबर. मग तीन नंबरचा पोरगा, हसल्यासारखं करत. झुंबर आजोबांना बाही वर करता येईना, तर त्यांनी तृप्तीला हाक मारली. माझ्यासमोर अख्खा वॉर्ड आपापला दंड चाचपत होता.